घाणेरीचे औषधीपण : एका परकीय झुडपाचा भारतातील इतिहास आणि त्याच्या गुणधर्मांविषयीच्या दाव्यांची चिकित्सा

बीजसंज्ञा : घाणेरी, टणटणी, लँटाना कॅमारा, आक्रमक वनस्पती, औषधी वनस्पतींचा इतिहास, लँटाडीन, पशुविषबाधा

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही घाटरस्त्याने जाताना दोन्ही बाजूंना जे काटेरी, खरखरीत पानांचे, पिवळ्या-नारिंगी-गुलाबी फुलांच्या गुच्छांचे झुडूप दिसते त्यास आपल्याकडे घाणेरी अथवा टणटणी म्हणतात. पान चुरगाळताच येणाऱ्या उग्र दर्पावरून पहिले नाव पडले हे उघड आहे. शास्त्रीय परिभाषेत ही वनस्पती 'लँटाना कॅमारा' या नावाने ओळखली जाते. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून शेताच्या बांधावर कुंपणासाठी ती लावली गेली. पिकलेली काळी फळे मुले खातात, वाळलेल्या फांद्या चुलीत जातात. एवढ्या घरोब्यामुळे हे झुडूप मूळचे इथलेच असावे, असे अनेकांना वाटते.

गेल्या दोन-तीन दशकांत या झुडपाला एक नवी ओळख मिळाली आहे. औषधी वनस्पतींवरील पुस्तिका, जडीबुटीच्या याद्या आणि रसायनशास्त्र व औषधनिर्माणशास्त्र या विषयांतील असंख्य आढावालेख घाणेरीचे वर्णन बहुगुणी औषधी वनस्पती असे करतात. ताप, संधिवात, दमा, व्रण, त्वचारोग, धनुर्वात अशी तिच्या उपयोगांची यादी लांबत गेली आहे. त्याच वेळी वनखाते तिला जंगलाचा शत्रू मानते आणि पशुवैद्यक तिला विषारी म्हणतात. ही तीन विधाने एकाच झुडपाविषयी आहेत. त्यांपैकी कोणते खरे, हा प्रश्न रसायनशास्त्राचा वाटतो व बऱ्याच अंशी तो आहेही. परंतु 'परंपरेने ही वनस्पती औषध म्हणून वापरली जाते' हे वाक्य जेव्हा एखाद्या शोधनिबंधाच्या पहिल्या परिच्छेदात येते, तेव्हा ते इतिहासाविषयीचे विधान असते आणि त्याची तपासणी इतिहासाच्या अभ्यासकानेच करावयास हवी. प्रस्तुत लेखात हाच प्रयत्न केला आहे.

बागेतून रानात

लँटाना वंशातील ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील होय. सतराव्या शतकात डच लोकांनी ती युरोपात नेली. १७५३ साली लिनियसने 'स्पिशीज प्लांटारम' या ग्रंथात तिला आजचे द्विपदी नाव दिले. तिच्या गुच्छांचा मोह युरोपीय बागायतदारांना असा पडला की अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत काचगृहांमधून तिचे संकर मोठ्या प्रमाणावर करण्यात आले. निरनिराळ्या अमेरिकी जाती एकमेकींशी जुळवून रंगांचे शेकडो प्रकार तयार झाले. ही बाब बागकामाच्या इतिहासातील एक किरकोळ तपशील वाटण्याचा संभव आहे. पुढील विवेचनात मात्र तीच निर्णायक ठरणार आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

भारतात ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी आली. कलकत्त्याजवळ शिवपूर येथे ईस्ट इंडिया कंपनीने १७८७ साली वनस्पती उद्यान स्थापन केले होते. तेथे १८०९ साली शोभेचे झाड म्हणून घाणेरी लावण्यात आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते एकमेव आगमन नव्हते. २०१४ साली अविक रे व सुहेल कादर यांनी भारतातील घाणेरीच्या जनुकीय वैविध्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही वनस्पती देशात एकाहून अधिक वेळा आणली गेली आणि नंतर त्या त्या ठिकाणच्या झाडांत परस्पर संकर होत राहिला, असे त्यातून दिसून आले. छावण्या, बंगले, मळे व उद्याने यांच्या कुंपणांतून ती बाहेर पडली. तिचे फळ बुलबुल, साळुंकीसारखे पक्षी आवडीने खातात आणि बी दूरवर टाकतात. माणसाने लावलेले कुंपण पक्ष्यांनी रानात नेले, असेच म्हणावे लागेल.

कोडगू प्रांतात कॉफीचे मळे विस्तारले त्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, घाणेरी उपद्रवी ठरू लागली होती. सोडून दिलेल्या मळ्यांवर आणि चंदनाच्या रानांवर तिने ताबा मिळवला. उत्तरेत कुमाऊंच्या पायथ्याशी काठगोदाम येथे ती १९०५ च्या सुमारास पोहोचल्याची नोंद वनविषयक वाङ्मयात वारंवार येते. त्या डोंगराळ भागात तिला 'कुरी' म्हणतात. तमिळमध्ये तिचे एक नाव 'उण्णिच्चेडी' आहे, म्हणजे गोचिडाचे झाड. आपली 'घाणेरी' दर्पावरून, तमिळांचे नाव गोचिडावरून. या नावांमध्ये कोठेही औषधाची खूण नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्या भाषा औषधी झाडांना नावे देताना बहुधा त्यांच्या गुणाची आठवण ठेवतात. हाडसांधी, दमवेल, दातपाडी ही नावे पाहावीत.

आज या झुडपाचा विस्तार किती आहे, याचा अंदाज २०२० साली निनाद मुंगी, कमर कुरेशी व यादवेंद्रदेव झाला यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून येतो. भारतातील वाघांचा वावर असणाऱ्या वनप्रदेशांपैकी सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्र घाणेरीने व्यापले आहे, असे त्यांना आढळले. हे क्षेत्र महाराष्ट्र राज्याच्या एकूण क्षेत्रफळाच्या निम्मे भरते.

निर्मूलनाचे अपयश आणि उपयोगाचा शोध

घाणेरीला हटविण्याचे प्रयत्न जुने आहेत. हवाई बेटांवर १८५८ साली शोभेसाठी आणलेली ही वनस्पती पुढे इतकी माजली की १९०२ साली अल्बर्ट कोबेले या कीटकशास्त्रज्ञास तिचे नैसर्गिक शत्रू शोधण्यासाठी मेक्सिकोत पाठविण्यात आले. तणाच्या नियंत्रणासाठी परदेशातून मुद्दाम कीटक आणण्याच्या पद्धतीचा आरंभ सामान्यतः येथून मोजला जातो. भारतात वाय. रामचंद्र राव यांनी घाणेरीवर जगणाऱ्या कीटकांची पाहणी केली व तिचा वृत्तान्त १९२० साली कृषी खात्याच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. येथील एकही कीटक तिला आवर घालण्याइतका समर्थ नाही, असा त्याचा रोख होता. १९४१ साली ऑस्ट्रेलियातून 'टेलिओनेमिया स्क्रुप्युलोसा' नावाचा एक किडा डेहराडूनला आणण्यात आला. चाचणीत तो सागावरही उपजीविका करतो असे आढळल्याने ती पैदास नष्ट करण्यात आली. तरीही काही किडे निसटले असावेत, कारण १९५० नंतरच्या काळात तो डेहराडूनच्या परिसरात मोकळ्या रानात वावरताना दिसला. पाने खातो, झाड मरत नाही, अशी स्थिती.

दक्षिणेत बिळिगिरीरंगन टेकड्यांतील सोलिगा लोक या अपयशाचे कारण वेगळे सांगतात. पूर्वी ते हिवाळ्याअखेर पालापाचोळ्याला हलकी आग लावीत व त्यात घाणेरीची रोपे जळून जात. १९७४ साली तेथे अभयारण्य झाले, आग बंद झाली आणि घाणेरी वाढली, असे त्यांचे म्हणणे असून परिसरशास्त्रज्ञांनीही ते गांभीर्याने नोंदविले आहे.

निर्मूलन होत नाही म्हटल्यावर विचाराची दिशा बदलली. १९३० साली 'इंडियन फॉरेस्टर' या नियतकालिकात हकीमुद्दीन यांनी उत्तर भारतातील घाणेरीवर लेख लिहिला. शेणाच्या गोवऱ्या जाळल्यामुळे शेताला खत मिळत नाही, तेव्हा सरपण म्हणून घाणेरी वापरली तर दोन प्रश्न एकदम सुटतील, असा त्यातील विचार होता. १९३३ साली 'करंट सायन्स' या नव्यानेच सुरू झालेल्या मासिकात वरदराज अय्यंगार यांनी 'घाणेरीचा प्रश्न' याच विषयावर लेखन केले. जी वस्तू नाहीशी करता येत नाही तिला कामाला लावावे, हा विचार येथून पुढे सातत्याने दिसतो. सरपण, खत, कागदाचा लगदा, टोपल्या, आणि २००० नंतरच्या दशकात कर्नाटकातील मले महादेश्वर टेकड्यांत सोलिगांनी बनविलेले घाणेरीच्या काठ्यांचे फर्निचर, हे सर्व त्याच मालिकेतील टप्पे होत. औषधाचा शोधही या मालिकेबाहेरचा नाही. आजचे बहुतेक औषधविषयक निबंध 'हे एक त्रासदायक तण आहे' या वाक्याने सुरू होतात आणि 'यात मोठी औषधी क्षमता आहे' या वाक्यावर संपतात. दोन वाक्यांमधील अंतर परंपरेने भरून काढले जाते. ती परंपरा कोणती, हे आता पाहू.

परंपरेचा दाखला

चरक, सुश्रुत व वाग्भट यांच्या संहितांमध्ये घाणेरी असणे कालदृष्ट्या अशक्य आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशातही ती असू शकत नाही, कारण तेव्हा ती युरोपातसुद्धा पोहोचली नव्हती. येथे कोणी असे म्हणेल की आयुर्वेद नव्या द्रव्यांना बंद नव्हता. ते खरेच आहे. अफू शार्ङ्गधर संहितेत अहिफेन या नावाने येते. फिरंग रोग पोर्तुगिजांबरोबर आला, तेव्हा भावमिश्राने त्याचे वर्णन केले व त्यावर चोपचिनी हे परदेशी द्रव्य सांगितले. म्हणजे बाहेरची वनस्पती शास्त्रात सामावून घेण्याची रीत होती, आणि तीत द्रव्याचे रस, वीर्य, विपाक व प्रयोग सांगितले जात. घाणेरीच्या बाबतीत असे शास्त्रीय सामिलीकरण घडले नाही, कारण ती आली तेव्हा निघंटूंची मोठी रचना होऊन गेली होती.

तरीही अलीकडच्या अनेक आढावालेखांत तिची 'चतुरंगी' व 'वनच्छेदी' अशी संस्कृत नावे दिलेली आढळतात. संस्कृत नाव पाहताच वाचक ती प्राचीन मानतो. परंतु संस्कृत ही शब्दनिर्मितीची भाषा असून एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत तिच्यात असंख्य नवी नावे घडविली गेली. चार रंगांची म्हणून चतुरंगी, रानाचा छेद करणारी म्हणून वनच्छेदी. दुसऱ्या नावात तर झुडपाच्या आक्रमकतेचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्याने हे नाव घडवले त्याने घाणेरीने गिळलेले रान पाहिले असले पाहिजे आणि असे रान भारतात एकोणिसाव्या शतकापूर्वी नव्हते. नाव स्वतःच आपले वय सांगते.

मग उपयोगांची यादी आली कोठून? विसाव्या शतकाच्या मध्यास भारतीय औषधी वनस्पतींचे जे इंग्रजी संदर्भग्रंथ सिद्ध झाले, त्यांत घाणेरी घाम आणणारी, वायुनाशक, जखम भरून काढणारी असून तिचा काढा धनुर्वात, संधिवात व हिवताप यांवर देतात, अशा आशयाची त्रोटक नोंद येते. कोणत्या प्रदेशात, कोणत्या समाजात, किती मात्रेत, याचा तपशील अशा नोंदींत नसतो. पुढील लेखकांनी ती उचलली, त्यांच्यापुढच्यांनी त्यांची उचलली. प्रत्येक पिढीत एखादा रोग वाढला, एकही कमी झाला नाही. उद्धरणांची ही साखळी मागे मागे नेली असता ती वैद्याच्या घरी किंवा वाडीवस्तीवर पोहोचत नाही. ती ग्रंथालयातच थांबते.

या नोंदींमागे तीन निरनिराळे प्रवाह मिसळले असावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते. पहिला प्रवाह अमेरिकी लोकवैद्यकाचा. मध्य व दक्षिण अमेरिकेत या वंशातील झुडपांची पाने ताप, सर्दी, सांधेदुखी यांवर वापरण्याची रीत खरोखरच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेरू देशात लँटाना वंशाच्याच दुसऱ्या एका जातीपासून काढलेला 'लँटानिन' नावाचा पदार्थ क्विनीनसारखा तापावर चालतो, असा गवगवा झाला होता व त्याची दखल अमेरिकेतील औषधिग्रंथांनी घेतली. क्विनीन महाग होते आणि हिवताप सर्वत्र होता, तेव्हा त्यास पर्याय शोधण्याची धडपड समजण्यासारखी आहे. भारतीय याद्यांतील हिवतापाचा उल्लेख या वाटेने आला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. दुसरा प्रवाह नामसाम्याचा. रॉक्सबर्ग याने 'लँटाना इंडिका' या नावाने वर्णिलेले, काट्यांशिवायचे, फिक्या जांभळ्या फुलांचे झुडूप भारतात वेगळे आढळते. दोहोंना एकच स्थानिक नाव असेल तर एकाचा उपयोग दुसऱ्याच्या खात्यावर चढणे सहज शक्य आहे. तिसरा प्रवाह मात्र अस्सल स्थानिक अनुभवाचा आहे. दोनशे वर्षे एखादे झुडूप अंगणापर्यंत येऊन राहिले तर लोक त्याचा काही ना काही प्रयोग करणारच. कापल्या जागी पानांचा रस लावणे हा त्यातलाच प्रकार. त्याला परंपरा म्हणण्यास हरकत नाही. फक्त ती पाच-सहा पिढ्यांची आहे, दोन हजार वर्षांची नाही, आणि ती बाह्य उपचाराची आहे, एवढे भान ठेवावे.

आता आधी ज्या संकरांचा उल्लेख केला त्यांच्याकडे वळू. ब्राझील किंवा मेक्सिकोतील ग्रामस्थ जी पाने वापरतात ती रानातील मूळ जातींची. भारतात, ऑस्ट्रेलियात व आफ्रिकेत जी माजली ती युरोपच्या काचगृहांत घडविलेल्या संकरांची संतती. काही वर्गीकरणकार तर या तण-संकराला 'लँटाना स्ट्रिगोकॅमारा' असे वेगळे नाव देतात. निरनिराळ्या प्रकारांतील रासायनिक द्रव्ये सारखी नसतात. ऑस्ट्रेलियात काही प्रकार गुरांना अत्यंत विषारी, तर काही जवळजवळ निरुपद्रवी असल्याचे दिसून आले आहे. तेव्हा अमेरिकेतील लोकांचा अनुभव हा आपल्या बांधावरच्या घाणेरीचा दाखला होऊ शकत नाही. एवढेच काय, एका जिल्ह्यातील प्रयोगशाळेचा निष्कर्ष दुसऱ्या जिल्ह्यातील झुडपास लागू होईलच असे नाही. जे निबंध नमुना कोठून घेतला व तो कोणत्या वनस्पतिसंग्रहालयात जमा केला हे सांगत नाहीत, त्यांची आकडेवारी कितीही आकर्षक असली तरी तिचा उपयोग मर्यादित राहतो. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर वनस्पतिसंग्रहालय अथवा पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आपल्या हाताशी असताना हे काम टाळण्याचे कारण नाही.

प्रयोगशाळेतील निष्कर्ष

परंपरेचा दाखला कच्चा निघाला म्हणून द्रव्य निरुपयोगी ठरत नाही. सदाफुलीचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. मादागास्करची ही वनस्पती मधुमेहावरचे लोकौषध म्हणून प्रसिद्ध होती. त्या दृष्टीने कॅनडात तपासणी चालू असता १९५८ साली तिच्यात विनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध सापडले. परंपरेने बोट एकीकडे दाखवले, औषध दुसरीकडे निघाले. घाणेरीतही असे काही असू शकेल काय?

रासायनिक दृष्ट्या घाणेरी समृद्ध आहे, यात शंका नाही. १९९१ साली तिच्यातून वेगळा केलेला व्हर्बास्कोसाइड हा घटक प्रोटीन कायनेज-सी या विकराला रोखतो असे दाखविण्यात आले. जपानमधील संशोधकांनी १९९० नंतरच्या दशकात लँटाडीन गटातील द्रव्यांचा अर्बुदरोधक गुण उंदरांच्या त्वचेवर तपासला. तेथून स्फूर्ती घेऊन भारतातही लँटाडीनच्या रेणूत फेरफार करून नवी संयुगे बनविण्याचे काम झाले आहे. जखम भरून येणे, जठरव्रण, सूक्ष्मजीवांची वाढ रोखणे यांविषयीचे प्रयोग तर पुष्कळच. त्यांपैकी बहुसंख्य काचपात्रात अथवा उंदीर-घुशींवर झालेले आहेत. शिवाय व्हर्बास्कोसाइड इतर अनेक वनस्पतींत असते, घाणेरीतील उर्सोलिक आम्ल तुळशीत व सफरचंदाच्या सालीतही मिळते. जे द्रव्य तुळशीतून घेता येते त्यासाठी विषारी पानांचा काढा का प्यावा, या साध्या प्रश्नाला आढावालेखांत सहसा उत्तर नसते.

सर्वांत भक्कम निष्कर्ष पोटात घ्यावयाच्या औषधाविषयीचे नाहीतच. हरिद्वार येथील हिवताप संशोधन केंद्राच्या व्ही. के. दुआ व सहकाऱ्यांनी १९९६ साली घाणेरीच्या फुलांचा अर्क खोबरेल तेलात मिसळून माणसांच्या त्वचेवर लावून पाहिला. एडिस जातीच्या डासांपासून ९४.५ टक्के संरक्षण मिळाले, मात्र पूर्ण संरक्षणाचा सरासरी काळ दोन तासांहून थोडा कमी होता. डेंग्यू पसरविणारा डास हाच, आणि तो दिवसा चावतो, हे लक्षात घेता हा निष्कर्ष मोलाचा आहे. तसाच दुसरा प्रयोग साठविलेल्या बटाट्यांवरचा. बटाट्याच्या ढिगावर घाणेरीचा पाला पसरल्यास पोखरणाऱ्या पतंगाचा उपद्रव कमी होतो, असे १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. डास आणि पतंग दूर ठेवणारी ही द्रव्ये झाडाने स्वतःच्या संरक्षणासाठीच बनविलेली असतात. त्यांचा आपण तोच उपयोग करावा, हे तर्काला धरून आहे. पण औषधी पुस्तिकांत डासांचा उल्लेख शेवटच्या ओळीत आणि काढ्याचा पहिल्या ओळीत असतो.

विषाचा इतिहास

घाणेरीच्या विषाची नोंद तिच्या औषधाच्या नोंदीपेक्षा अधिक पक्की, अधिक सलग आहे. दक्षिण आफ्रिकेत ऑन्डरस्टेपूर्ट येथील पशुवैद्यक संस्थेत पी. जी. जे. लो यांनी १९४३ साली गुरांना बाधणारे द्रव्य वेगळे केले व त्यास 'लँटानिन' म्हटले. हेच नाव पूर्वी पेरूतील तापावरच्या पदार्थाला मिळालेले होते. एकाच नावाखाली एका खंडात औषध व दुसऱ्या खंडात विष! १९४८ मध्ये लो यांनीच नाव बदलून 'लँटाडीन ए' केले, आणि १९५४ साली बार्टन व सहकाऱ्यांनी या गटाची रासायनिक रचना उलगडली. भारतात हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या केंद्रात ओम प्रकाश शर्मा यांनी या विषयावर अनेक वर्षे काम केले. २००७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा व सहकाऱ्यांचा विस्तृत आढावा आजही आधारभूत मानला जातो. रासायनिक घटकांचे एवढे तपशीलवार ज्ञान झाले ते मुख्यतः गुरे मेली म्हणून, ही गोष्ट औषधी क्षमतेवर लिहिणाऱ्यांनी विसरू नये.

लँटाडीन यकृतावर आघात करते. पित्ताचा निचरा थांबतो, कावीळ होते. पाल्यातील हरितद्रव्यापासून कोठीपोटात तयार होणारे एक द्रव्य एरवी पित्तावाटे बाहेर पडते, ते आता रक्तात साचते व उन्हात गेल्यावर कातडी पोळते. नाकपुडी, कान, सड येथील त्वचा लाल होऊन सोलते, जनावर सावली शोधते, खाणे सोडते, बद्धकोष्ठ होते. कोठीपोटाची हालचाल मंदावल्याने विषारी पाला तेथेच पडून राहतो आणि विष दिवसेंदिवस रक्तात उतरत राहते. म्हणून एकदाच खाल्लेला पालाही जीव घेऊ शकतो. ऑस्ट्रेलियात पास व स्ट्यूअर्ट यांनी १९८४ साली यावर उपाय दाखविला. मोठ्या जनावरास सुमारे अडीच किलो सक्रियित कोळसा पाण्यात कालवून पाजल्यास तो पोटातील विष धरून ठेवतो. पुढे स्वस्त पर्याय म्हणून बेंटोनाइट मातीही वापरून पाहण्यात आली व तीही उपयोगी ठरली.

माणसाच्या बाबतीत पुरावा संमिश्र आहे. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात हिरवी फळे खाल्ल्याने मुलांना विषबाधा झाल्याचे व एक मूल दगावल्याचे १९६४ साली प्रसिद्ध झाले. उलट कॅलिफोर्नियातील विषनियंत्रण केंद्राच्या सहाशेहून अधिक नोंदी तपासून २०१० साली काढलेला निष्कर्ष असा की फळे खाल्लेल्या मुलांपैकी बहुसंख्यांना काहीच झाले नाही. म्हणजे रानात दोन पिकली फळे खाणाऱ्या मुलास घाबरवून सोडण्याचे कारण नाही. मात्र फळे चाखणे आणि मूठभर पाने उकळून काढा करून दिवसचे दिवस घेणे यांत महदंतर आहे. लँटाडीन प्रामुख्याने पानांत असते. ज्यांचे यकृत आधीच दुबळे आहे, जे दुसरी औषधे घेत आहेत, अशांवर अशा काढ्याचा काय परिणाम होतो, याचे मोजमाप पुस्तिका लिहिणाऱ्यांनी केलेले नाही. फुलांच्या रंगावरून 'ही घाणेरी चालते, ती चालत नाही' असे सांगण्याची पद्धतही धोक्याची आहे. तांबड्या फुलांचे प्रकार अधिक विषारी असा समज प्रचलित असला तरी रंग हा विषाचा भरवशाचा निदर्शक नाही.

येथे एक सामाजिक बाब नोंदविणे आवश्यक वाटते. ज्या रानात घाणेरी वर्षानुवर्षे आहे तेथील गुरे तिला ओळखतात व टाळतात. विषबाधा होते ती बहुधा बाहेरून आणलेल्या जनावरांना, आणि चारा संपलेल्या दिवसांत. दुष्काळी भागातून डोंगराच्या आश्रयास आलेली मेंढरे, बाजारातून नुकतीच घेतलेली गाय, चाऱ्याअभावी मोकाट सोडलेला बैल, हे तिचे बळी. म्हणजे या झुडपाचे विष सर्वांवर सारखे पडत नाही. ज्याच्यापाशी गवत आहे त्याच्या गोठ्यापर्यंत ते जात नाही. अशा पशुपालकाच्या हाती आज दोन छापील कागद पडू शकतात. एकात पशुवैद्यक घाणेरीचा पाला जनावरांच्या तोंडी लागू देऊ नका असे सांगतो, दुसऱ्यात तिच्याच पानांचा काढा सांधेदुखीवर सकाळ-संध्याकाळ घ्या असे लिहिलेले असते. पहिल्या कागदामागे १९४३ पासूनची नोंद आहे. दुसऱ्यामागे 'परंपरेने' हा एक शब्द.